‘रा.’ म्हणजे कोण?

(लोकमान्य टिळक पुण्यतिथीनिमित्त रत्नागिरी येथे १ ऑगस्ट रोजी दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



आजच्या तारखेला आपल्या राज्यात दोन दिवस एकत्र येतात. १९२० साली याच दिवशी लोकमान्य गेले, आणि महाराष्ट्र शासनाचा महसूल विभाग हाच दिवस महसूल दिन म्हणून पाळतो. हा योग विषय निवडताना माझ्या मनात होता. सरकारी कागदावर राज्याचे आणि खात्यांचे नाव ज्या दोन-तीन अक्षरांत येते, त्या अक्षरांविषयी मी बोलणार आहे. विषय छोटा वाटेल. पण ही अक्षरे उलगडता आली नाहीत म्हणून माणसांच्या जमिनी अडकतात, अर्ज फिरत राहतात आणि रस्त्यावरचा खड्डा कोणाचा, हे पावसाळा संपेपर्यंत ठरत नाही.

लोकमान्यांपासून सुरुवात करतो. १८९६ च्या दुष्काळात सरकारकडे ‘फॅमिन कोड’ होता. पीक किती बुडाले तर सारा तहकूब करायचा, कामे कुठे काढायची, मजुरी किती द्यायची, हे त्यात लिहिलेले होते. शेतकऱ्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता, कारण तो इंग्रजीत होता आणि कचेरीत होता. टिळकांनी ‘केसरी’तून आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या मार्फत त्यातले नियम मराठीत लोकांपर्यंत पोहोचवले, आणि नियमाप्रमाणे सवलत मागा, असे सांगितले. त्यांनी नवा कायदा मागितला नव्हता. असलेला कायदा ज्याच्यासाठी होता त्याला वाचून दाखवला होता. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेण्यात आली. सरकारी कागद लोकांना वाचता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आता आपल्या कागदांकडे येऊ. सरकारी कागदावर ‘म.’ आणि ‘रा.’ ही अक्षरे सगळ्यात जास्त भेटतात. ‘म. रा.’ म्हणजे महाराष्ट्र राज्य. पण ‘म.’ हा महाराष्ट्राचा असतो, महसुलाचा असतो, महामंडळाचा असतो, महानगरपालिकेतल्या महानगराचा असतो आणि महिला व बालकल्याणातल्या महिलेचाही असतो. ‘सा.’चे तेच. सा. बां. म्हणजे सार्वजनिक बांधकाम आणि सा. प्र. वि. म्हणजे सामान्य प्रशासन विभाग. एकाच अक्षरात सार्वजनिकही आणि सामान्यही. ‘रा.’ तर अनेक घरचा. रा. प. म्हणजे राज्य परिवहन, रा. मा. म्हणजे राज्य मार्ग, रा. म. म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. आणि आपण स्वतः अर्ज लिहायला बसतो तेव्हा आपल्या नावापुढे काय लिहितो? ‘रा. पावस, ता. जि. रत्नागिरी.’ इथे ‘रा.’ म्हणजे राहणार. एकाच कागदावर वर राज्याचा ‘रा.’ असतो आणि खाली त्या राज्यात राहणाऱ्याचा. माझे म्हणणे एवढेच आहे, की वरचा ‘रा.’ खालच्या ‘रा.’ला उलगडून सांगणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि तो उलगडून मागणे हा आपला हक्क आहे.

थोडक्यात लिहिण्याची सवय इंग्रजांनी आणलेली नाही. मोडी कागदांत ती ठासून भरलेली आहे. मौजे, कसबे, परगणे, तर्फ हे शब्द कारकून एका अक्षरात लिहीत आणि पुढे दोन दंड ओढत. बुद्रुक आणि खुर्द हे आजही ‘बु॥’ आणि ‘खु॥’ म्हणून गावांच्या नावांपुढे उभे आहेत. बोरूने, हाताने बनवलेल्या महाग कागदावर, दिवसभर लिहिणाऱ्याला ती सोय हवीच होती. लिहिणारा कारकून आणि वाचणारा कारकून एकाच दफ्तरात वाढलेले, म्हणून अडचण येत नव्हती. अडचण पुढे आली. मोडी व्यवहारातून गेली, ते कारकून गेले, आणि आपल्या दफ्तरखान्यांत लाखो कागद असे उरले की जे वाचायला आज जाणकार शोधावा लागतो. २०२३ मध्ये मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याच्या प्रश्नावर नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पूर्ण रूप माहीत असणारी माणसे संपली की कागद असूनही नसल्यासारखा होतो.

राज्याचे सर्वांत ठळक संक्षिप्त नाव आपल्याला रस्त्यावर दिसते: एमएच. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याबरोबर देशभर वाहनांच्या क्रमांकांची नवी पद्धत आली. आधी राज्याची दोन अक्षरे, मग नोंदणी कार्यालयाचा आकडा, मग मालिका आणि शेवटी वाहनाचा क्रमांक. ही अक्षरे रोमन लिपीत आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असावेत, असा केंद्राचा नियम आहे, त्यामुळे देवनागरी पाटी नियमात बसत नाही. आपला आकडा आठ. सिंधुदुर्गाचा सात, रायगडचा सहा, कोल्हापूरचा नऊ. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी आपल्याच जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे नवी पद्धत आली तेव्हा सात आणि आठ हे शेजारी म्हणूनच नोंदले गेले.

ही दोन अक्षरे नुसती ओळख सांगत नाहीत. वाहनाची मूळ नोंद कोणत्या राज्यात आहे, कर कुठे भरला आहे, मालकी बदलायची असेल तर कोणत्या कार्यालयाशी गाठ आहे, हे त्यावरून ठरते. एका राज्याचे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवले, तर नव्या राज्यात नोंद करून घ्यावी लागते. कामानिमित्त गोव्यात राहिलेल्या आपल्या मुलांना हा नियम दंडाच्या पावतीवर पहिल्यांदा भेटतो. बदलीच्या नोकऱ्या करणाऱ्यांसाठी म्हणून २०२१ मध्ये बीएच, म्हणजे भारत, ही वेगळी मालिका सुरू झाली.

राज्ये या अक्षरांना किती जपतात तेही पाहा. उत्तरांचलचे २००७ मध्ये उत्तराखंड झाले आणि पाटीवरचे यूए जाऊन यूके आले. ओरिसाचे ओडिशा झाल्यावर ओआरचे ओडी झाले. तेलंगणाला २०१४ मध्ये टीएस मिळाले होते. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारने ते बदलून टीजी करून घेतले. दोन अक्षरांत आपण कोण आहोत हे ठरते, असे त्या लोकांना वाटले. वाहनाच्या पाटीबाबत जी आस्था राज्ये दाखवतात, तीच खात्यांच्या कागदाबाबत दाखवली जावी, अशी माझी अपेक्षा आहे.

खात्यांत पहिले नाव एसटीचे घ्यायला हवे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली. तेव्हापासून ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ची ही दोन अक्षरे मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या प्रत्येक वाडीत पोहोचली. आज तिचे अधिकृत नाव महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ आहे आणि तिचे स्वतःचे कागद ‘रा. प.’ लिहितात, पण म्हातारी आजी ‘यश्टी’ म्हणते आणि तिचे काहीच अडत नाही. गाडी समोर उभी असते, पाटी वाचता येते, वाहक ओळखीचा असतो. शिवाय एसटी हीच अक्षरे अनुसूचित जमातींसाठी वापरली जातात, तरी फलाटावर कोणाचा गोंधळ होत नाही. जिथे सेवा डोळ्यांसमोर आहे तिथे दोन अक्षरे पुरतात.

विजेच्या बाबतीत मात्र तसे राहिले नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २००५ मध्ये विभागले गेले. वीज तयार करणारी महानिर्मिती वेगळी, उच्च दाबाने वाहून नेणारी महापारेषण वेगळी आणि घरापर्यंत पोहोचवणारी महावितरण वेगळी. आपण आजही एमएसईबीच म्हणतो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण शेतातून उच्च दाबाची वाहिनी जाते आणि मनोऱ्यासाठी गेलेल्या जागेचा मोबदला मागायचा असतो, तेव्हा बिल पाठवणाऱ्या कार्यालयात अर्ज देऊन वर्ष वाया जाते. मंडळ गेले तरी त्याची अक्षरे लोकांच्या तोंडी जगत राहतात, आणि नवी जबाबदारी कोणाकडे गेली हे कोणी समजावून सांगत नाही.

आता रस्त्यांकडे या, कारण कोकणात हा प्रश्न दर पावसाळ्यात प्रत्येकाच्या दारात येतो. आपल्या रस्त्यांना रामा, प्रजिमा, इजिमा आणि ग्रामा अशी नावे आहेत. राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. यांच्या वर प्ररामा, म्हणजे प्रमुख राज्य मार्ग. रेवस ते रेड्डी हा आपला सागरी महामार्ग त्या वर्गातला, क्रमांक चार. त्याहून वर राष्ट्रीय महामार्ग. मुंबई–गोवा रस्ता वर्षानुवर्षे सतरा क्रमांकाचा होता. २०१० च्या फेररचनेत तो सहासष्ट झाला आणि कोल्हापूरकडे जाणारा दोनशे चारचा एकशे सहासष्ट झाला. जुने लोक अजून सतराच म्हणतात.

ही नावे रस्त्याची जबाबदारी कोणाची ते सांगतात. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या, १ मे १९६२ पासून त्यांचे काम सुरू झाले आणि तेव्हापासून एकाच शहरात दोन बांधकाम खाती आहेत, दोन्हींकडे कार्यकारी अभियंते आहेत आणि दोन्हींच्या कागदावर ‘बां.’ आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याचा नियम आणखी वेगळा. त्याच्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते आणि पुढची पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते. म्हणजे फलकावरची तारीख वाचता आली तर खड्डा बुजवण्यासाठी नव्या निधीची वाट पाहावी लागत नाही. कराराची अंमलबजावणी मागता येते.

‘रा. म.’ आणि ‘रा. मा.’ यांच्यात एका कान्याचा फरक आहे. पहिल्याचा पैसा केंद्राकडून येतो, दुसऱ्याचा राज्याकडून. हातखंब्याला महामार्ग सोडून एखाद्या गावाकडे वळलेला माणूस पाचसात किलोमीटरमध्ये तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या हद्दीतून जाऊ शकतो. आपल्या गावाचे तरुण खड्ड्यांचे फोटो काढून फिरवतात. माझी त्यांना विनंती आहे की फोटोबरोबर रस्त्याचा वर्ग आणि क्रमांक लिहा. ‘रस्ता खराब आहे’ ही तक्रार कोणालाच लागू होत नाही. ‘प्रजिमा क्रमांक अमुक, किलोमीटर अमुक’ ही तक्रार एका ठरावीक टेबलावर जाऊन पडते आणि तिथल्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. खात्याचे आद्याक्षर हा जबाबदारीचा पत्ता आहे; तो बरोबर लिहिला तर पत्र पोहोचते.

चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर काय, याचे उत्तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिलेले आहे. माहितीचा अर्ज ज्या प्राधिकरणाकडे गेला त्याचा तो विषय नसेल, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवून अर्जदाराला तसे कळवायचे असते. नागरिकाला सगळी खाती पाठ असावीत अशी अपेक्षा कायद्याने ठेवलेली नाही. ती माहिती असण्याचे ओझे कार्यालयावर टाकले आहे. साध्या तक्रार-अर्जालाही हाच न्याय लागू व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

आणि आता सातबारा. आज महसूल दिन आहे, म्हणून यावर जरा थांबतो. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून हा उतारा होतो. सहा हा फेरफाराचा, आठ-अ हा खात्याचा. या कागदावर अक्षरांची गर्दी आहे. पो. ख. म्हणजे पोटखराब, लागवडीला न येणारे क्षेत्र. कातळ आणि सडे असलेल्या आपल्या जिल्ह्यात हा रकाना फार मोठा असतो. इ. ह. म्हणजे इतर हक्क. कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला वाटा सगळे तिथे बसते. ‘३२ग’ आणि ‘३२म’ ही कूळ कायद्याची कलमे आहेत. पहिल्यात कुळाने द्यायची किंमत ठरते, दुसऱ्यात ती भरल्याचे प्रमाणपत्र मिळते. ‘कलम ४३’ लिहिलेले असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतरावर शर्ती असतात.

या आकड्यांमागे आपल्या जिल्ह्याचा इतिहास आहे. खोती, म्हणजे खोतामार्फत सारा वसूल करण्याची व्यवस्था, ही कोकणची पद्धत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे मूळ गाव आपल्याच मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ मध्ये झाला, आणि कुळाला मालक मानणारा कृषक दिन १ एप्रिल १९५७ हा ठरला. ज्यांच्या पुण्यतिथीला आपण जमलो आहोत त्या लोकमान्यांनी १८९९ च्या खोती विधेयकाच्या वेळी खोतांची बाजू घेतली होती, हेही या सभेत सांगितले पाहिजे. दुष्काळात शेतकऱ्याला कायदा वाचून दाखवणारा नेता खोतीच्या प्रश्नात कुळांच्या बाजूला नव्हता. त्यांची पहिली शिकवण घेऊन आपण दुसऱ्या प्रश्नात त्यांच्या पुढे जायचे आहे. सातबाऱ्यावर ‘३२ग’ वाचता येणे म्हणजे आपल्या आजोबांना ती जमीन कशी मिळाली हे वाचता येणे होय.

सातबाऱ्यावरची दोन लघुरूपे मात्र माणसे झाकतात. एक ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेल्यावर थोरल्या भावाचे नाव लागते, पुढे एकुमॅ लिहिले जाते, आणि बाकीची भावंडे कागदावर दिसत नाहीत. कायद्याने तो भाऊ एकटा मालक होत नाही. तो सर्वांच्या वतीने नाव लावून असतो. पण ही तीन अक्षरे कोणाला कळत नसली की चाळीस वर्षांत तोच मालक मानला जातो. सर्वांत जास्त झळ बहिणींना बसते. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये मान्य केला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर झाला. कायदा बदलला तरी उतारा आपोआप बदलत नाही. एकुमॅच्या मागे लपलेले नाव अर्ज केल्याशिवाय पुढे येत नाही. दुसरे ‘अपाक’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता. लहान मुलाच्या वतीने आई किंवा काका पालक म्हणून लागतात. मूल अठरा वर्षांचे होते, नोकरीला मुंबईला जाते, त्याचे स्वतःचे केस पांढरे होतात, आणि उताऱ्यावर ते अजून अज्ञानच असते.

दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. अर्ज, त्यावर फेरफार नोंद, संबंधितांना नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी असा तो मार्ग आहे. शासनाने २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या वारसनोंदींसाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीमही काढली. गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमान्यांना माझे सांगणे आहे: या वेळी सगळे भाऊबहीण जमाल तेव्हा उतारा काढा आणि एकत्र बसून एकेक अक्षर मोठ्याने वाचा. ज्याचे नाव दिसत नाही त्याचा अर्ज त्याच सुट्टीत द्या.

मराठीचा प्रश्न इथे येतोच. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कारभाराची भाषा झाली, पदनामांचे कोश झाले. ते काम मोठे आहे. त्याआधी शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला होता, आणि याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीचा प्रश्न धसास लावला. शब्द मराठी असावेत, ही लढाई आपण बरीच जिंकलो आहोत. पण पूर्ण मराठी शब्दाची पुन्हा चार अक्षरे केली, तर वाचणाऱ्याच्या हाती काय लागले? गेल्या काही वर्षांत तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आणि ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’. एक महसूल विभागाचा, दुसरा जिल्हा परिषदेचा. सातबारा पहिल्याकडे, जन्माचा दाखला दुसऱ्याकडे. ही नावे ‘ग्रा. म. अ.’ आणि ‘ग्रा. पं. अ.’ अशी लिहिली जाऊ लागली, तर गावातल्या माणसाने कोणते दार ठोठावायचे?

म्हणून तीन मागण्या या व्यासपीठावरून करतो. पहिली: नागरिकाच्या हातात जाणाऱ्या प्रत्येक सरकारी कागदावर खात्याचे नाव पहिल्यांदा येईल तिथे ते पूर्ण लिहावे, आणि उताऱ्याच्या पाठीमागे त्यातल्या सर्व लघुरूपांचा अर्थ छापावा. आज उतारा संगणकावर निघतो. एक पान जास्त छापणे अवघड नाही. दुसरी: प्रत्येक रस्त्याच्या फलकावर वर्ग, क्रमांक, जबाबदार कार्यालयाचे पूर्ण नाव आणि देखभालीची मुदत ठळक असावी. तिसरी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. या शहरात १८२८ पासून चालत आलेले वाचनालय आहे; जिल्ह्यात शाळा, महाविद्यालये, वाड्यावाड्यांत मंडळे आहेत. सरकारी लघुरूपांची एक छोटी पुस्तिका आपण तयार करावी, महसूल, बांधकाम आणि वीज खात्यांतून निवृत्त झालेल्या मंडळींकडून ती तपासून घ्यावी आणि नववीच्या वर्गात एक तास ठेवून मुलांकडून घरचा सातबारा वाचून घ्यावा.

दुष्काळात सरकारी नियम घरोघर पोहोचवणाऱ्या माणसांकडे छापखाना आणि पायपीट यांखेरीज काही नव्हते. आपल्याकडे आज उतारा फोनवर येतो, अर्ज फोनवरून जातो आणि माहिती मागण्याचा कायदा हाताशी आहे. कमी आहे तो एकच निश्चय, की कागद वाचल्याशिवाय त्यावर सही करायची नाही आणि अर्थ कळेपर्यंत खिडकीवरून हलायचे नाही. तो आपण केला तर राज्याचा ‘रा.’ आणि राहणाऱ्याचा ‘रा.’ एकमेकांशी बरोबरीने बोलू लागतील, आणि लोकमान्यांनी सुरू केलेले एक काम या जिल्ह्यात तरी पुढे जाईल.